नाना म्हणाले, अर्धी पेटी कापू का?

फेब्रुवारीत द्राक्षाचा हंगाम भरात असताना पिंपळगाव बसवंतच्या पॅकहाउसमधून सुपरवायझर नानांचा फोन आला. "ताई, कागदावर साडेचार पेट्या आल्यात. अर्धी पेटी कापू का?"

परदेशी खरेदीदाराची ऑर्डर एक्सएमएल फाइलमध्ये येते (यात माहिती टॅग नावाच्या कंसातल्या खुणांमध्ये बांधलेली असते). माझा प्रोग्राम ती वाचून पॅकिंगची यादी छापतो. ती ओळ नमुन्याची होती: एकच पेटी, अर्ध्या किलोचे नऊ पनेट (छोटे डबे), म्हणजे ४.५ किलो. यादीत किलोच्या पेट्या झाल्या होत्या. नशीब, नमुना होता म्हणून कळलं. खालच्या ओळीतले १८०० किलो नानांनी १८०० पेट्या समजून मुकाट्याने भरायला घेतले असते. हव्या होत्या ४००.

सातपूरच्या ऑफिसात लॅपटॉपवर तीच फाइल चालवली तर यादी बरोबर. सर्व्हरवर चूक. फाइलच बिघडलीय म्हणून दोन तास टॅग तपासत बसले. एकही उघडा नव्हता. मग लक्षात आलं, फाइलमध्ये 'एकक' हा ॲट्रिब्यूट (टॅगमध्ये लिहिलेला तपशील; इथे किलो की पेटी) मुळी नाहीच! लॅपटॉपवर 'किलो' येतंय कुठून?

डीटीडीतून, म्हणजे फाइलमध्ये काय कसं असावं हे सांगणाऱ्या नियमांच्या यादीतून. तिथे एकक दिलं नसेल तर किलो धरा, असं लिहिलेलं. मी समजत होते डीटीडी म्हणजे चाळणी, खडे तेवढे अडवते. इथे चाळणीच पिठात मीठ घालत होती. आणि १९९८ च्या एक्सएमएल १.० च्या नियमांतच मुभा आहे: व्हॅलिडेशन न करणाऱ्या, म्हणजे फाइल नियमांशी ताडून न पाहणाऱ्या पार्सरने (फाइल वाचणाऱ्या प्रोग्रामने) बाहेरची डीटीडी वाचलीच पाहिजे असं नाही. सर्व्हरवर सुरक्षेसाठी ते वाचन मीच बंद केलं होतं. त्यामुळे एकक रिकामं, एरर नाही, आणि रिकामं म्हणजे 'पेटी' हे माझ्या कोडचं शहाणपण.

आता डीटीडीची प्रत आमच्याच सर्व्हरवर आहे, पार्सर तेवढीच वाचतो. एकक रिकामं आलं तर यादी छापतच नाही. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

नवे गिऱ्हाईक एक्सएमएलऐवजी जेसन या दुसऱ्या पद्धतीच्या फाइली पाठवतात. तिथे उलटं: जेसन स्कीमातलं (तिथल्या नियमांच्या यादीतलं) 'डीफॉल्ट' नुसती माहिती असते, बहुतेक व्हॅलिडेटर काही भरत नाहीत. आणि प्लॉट नंबर ०४२७ असा अवतरणाशिवाय आला की सुरुवातीच्या शून्यामुळे फाइल पार्सिंगलाच आपटते, स्कीमापर्यंत पोचतच नाही. अवतरणात पाठवा म्हणून सगळ्यांना कळवलंय. दोघं अजून ऐकत नाहीत.