देव न मानणारं पोरगं आणि आईची बंद पडलेली प्रार्थना

यंग शेल्डन ही अमेरिकन सिटकॉम दुसऱ्यांदा बघायला घेतलीय आणि दुसऱ्या सीझनच्या तिसऱ्या एपिसोडला परत अडकले. 'अ क्रायसिस ऑफ फेथ अँड ऑक्टोपस एलियन्स' असं लांबलचक नाव, ऑक्टोबर २०१८ मध्ये आलेला, जेमतेम वीस मिनिटांचा. जेवता जेवता काहीतरी हलकंफुलकं म्हणून लावला होता, हात वाळला तरी ताटावरून उठले नाही.

ज्यांनी सिरीज बघितली नाही त्यांच्यासाठी पटकन: टेक्सासमधलं मेडफर्ड नावाचं काल्पनिक गाव, काळ १९८९ च्या आसपासचा. जॉर्ज कूपर शाळेत फुटबॉल कोच, बायको मेरी पक्की बॅप्टिस्ट (ख्रिस्ती धर्मातला एक पंथ), थोरला जॉर्जी आणि मग जुळे, मिसी आणि शेल्डन. शेल्डन नऊ-दहा वर्षांचा आणि हायस्कूलमध्ये शिकतोय, आईबरोबर चर्चला जातो पण देव मानत नाही आणि पास्टर जेफशी भर चर्चमध्ये हुज्जत घालतो. यात मागे हशाचा आवाज नाही (मोठ्या झालेल्या शेल्डनची मूळ सिरीज बिग बँग थिअरी, तिच्यात होता) आणि मला वाटतं हा एपिसोड त्यामुळेच तगलाय, कारण कुणी गेल्यानंतरच्या शांततेत मध्येच खसखस पिकली असती तर सगळंच मुसळ केरात.

तर होतं काय, ओळखीतल्या घरातली एक टीनएजर मुलगी कार अपघातात जाते. बस, एवढंच. मेरीच्या स्वतःच्या घरातलं कुणी गेलेलं नाही, आणि मला हेच फार खरं वाटलं, कारण स्वतःवर वेळ येते तेव्हा माणसाला विचार करायला फुरसत नसते, शंका येतात त्या दुसऱ्याचं घर बघून परत येताना. आपलं पोर घरी सुखरूप झोपलेलं असतं, त्याचं हायसं वाटतं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटते. हे एपिसोडमध्ये कुणी बोलून दाखवत नाही, हे माझं वाचन आहे, पण मेरी रात्रीबेरात्री ज्या चेहऱ्याने वावरते ना त्यात मला ते दिसलं. झोई पेरीने कमाल केलीय. (बिग बँगमध्ये हीच मेरी लॉरी मेटकाफ करते आणि झोई तिची खरी मुलगी आहे, त्यामुळे आवाजाची लकबसुद्धा तीच.) 'देवाच्या मनात असेल ते', 'चांगल्या माणसांना तो लवकर नेतो' ही वाक्यं आपणही समाचाराला गेलो की बोलतोच, तोंडात काहीतरी हवं म्हणून. मेरीने आयुष्यभर हीच वाक्यं लोकांना दिलीत आणि आता तिलाच ती पुरत नाहीत, तिची प्रार्थनाच बंद पडते.

मग येतो शेवटचा सीन, ज्याच्यासाठी ही पोस्ट. शेल्डन आईजवळ येऊन बसतो आणि तिला देव असू शकतो हे पटवायला लागतो. शेल्डन! गुरुत्वाकर्षण जरा जास्त असतं तर विश्व कोसळून गोळा झालं असतं, जरा कमी असतं तर सगळं उधळून गेलं असतं, ना तारे ना ग्रह, मग इतकं बरोब्बर जुळून येणं आपोआप कसं होईल वगैरे. आता याला भौतिकशास्त्रात उत्तर आहे, ब्रँडन कार्टरने १९७३ मध्येच अँथ्रॉपिक प्रिन्सिपल मांडलं होतं, थोडक्यात काय तर आकडे वेगळे असते तर हा प्रश्न विचारायला आपणच नसतो, त्यामुळे जुळलेले दिसतात यात नवल ते काय. मला खात्री आहे या पोराला ते माहीत असणार. तो बोलत नाही. एरवी चूक पकडल्याशिवाय ज्याला घास गिळत नाही तो इथे मुद्दाम कच्चा वकील होतो.

आणि केस हरतो! आई म्हणते बाळा हे डोक्यासाठी झालं, माझं दुखणं मनात आहे. हा भाग लिहिणाऱ्यांना माझा सलाम, कारण सायन्सवाल्या पोराच्या एका लॉजिकने आईची श्रद्धा परत आली असं दाखवणं फार सोपं होतं. मग तो म्हणतो की जगात पाच अब्ज माणसं आहेत आणि त्यातून माझ्यासाठी अगदी परफेक्ट आई तूच, याची शक्यता किती? (लोकसंख्या १९८७ मध्ये पाच अब्ज झाली, म्हणजे आकडाही त्या काळातला बरोबर.) म्हणजे परत शक्यतांचं गणितच, फक्त ताऱ्यांच्या जागी आई. ती त्याला जवळ घेते आणि देवाचे आभार मानते. इथे मी रडले, दुसऱ्यांदासुद्धा.

गंमत म्हणजे अमेरिकन सिटकॉमने हे आधी केलंय. ऑल इन द फॅमिली, डिसेंबर १९७७, ऐन ख्रिसमसच्या सुमारास. त्यातल्या घरातली आई एडिथ, तिची मैत्रीण बेव्हर्ली, जी स्टेजवर बाईच्या वेशात काम करणारा कलाकार असते, तिला रस्त्यात गुंड मारून टाकतात, एडिथचा देवावरचा विश्वास उडतो, आणि तिला समजवायला येतो तो नास्तिक जावई माईक, ज्याला वाचवताना बेव्हर्ली गेलेली असते. दोन्हीकडे धर्मगुरू नाही तर घरातला न मानणारा माणूसच कामी येतो. मला वाटतं कारण साधं आहे, त्याला देवाची बाजू सांभाळायची नसते, त्याला फक्त समोरची बाई सांभाळायची असते.

एक तक्रार आहेच. वीस मिनिटांत घडी परत बसते, पुढच्या भागात जणू काही झालंच नाही. सिटकॉमचा धंदाच तसा आहे म्हणा, आणि बिग बँग बघितलेल्याला मेरी पुढे किती देवभोळी राहणार हे आधीच ठाऊक असतं. पण सातव्या सीझनच्या शेवटी, मे २०२४ मध्ये, जॉर्ज हार्ट अटॅकने जातो, आणि मी वाट बघत होते की आता ही बाई देवाशी भांडेल, तर नाही, उलट ती देवाला घट्ट धरते, इतकं घट्ट की घरच्यांना गुदमरायला होतं, पोरांनी बाप्तिस्मा घ्यावा म्हणून मागे लागते. परक्याची मुलगी गेली तेव्हा शंका परवडली, नवरा गेल्यावर नाही परवडली.

आणि आईला पटवायला विश्वाचे आकडे मांडणारा तो पोरगा आता चौदाचा झालाय, स्वतःला काही पटलेलं नसताना तिच्यासाठी बाप्तिस्म्याला तयार होतो. मिसी साफ नाही म्हणते. माझी तर मिसीच लाडकी आहे, पण तिच्यावर वेगळी पोस्ट लिहीन.