अहवालात न बसणारे आठ लाख

गृहकर्जासाठी तारण ठेवल्या जाणाऱ्या घरांचे मूल्यांकन करणे हा माझा व्यवसाय आहे. बँकेकडून फाईल आली की जागेवर जायचे, मोजमाप घ्यायचे, चतुःसीमा पडताळायच्या, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र पाहायचे, आसपासच्या नोंदणीकृत व्यवहारांचे इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या नोंदीचे उतारे, काढायचे आणि शेवटी एका आकड्याखाली सही करायची. ठरलेली किंमत आणि माझा आकडा यांत जो कमी असेल तो धरून बँक कर्ज मंजूर करते. या मधल्या फरकाने एखाद्या कुटुंबाचे गणित कसे कोलमडू शकते, हे नाशिकमधल्या एका प्रकरणात मला फार जवळून पाहायला मिळाले.

फ्लॅट गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला, बारा वर्षे जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर होता. ठरलेली किंमत ६२ लाख रुपये होती. घेणारे जोडपे मूळचे निफाड तालुक्यातले. गावी द्राक्षबाग, तर पती अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात पर्यवेक्षक. तोवर ते पाथर्डी फाट्याला भाड्याने राहत होते, म्हणजे कारखाना हाकेच्या अंतरावर होता, आणि नव्या घरामुळे त्यांना रोज सातपूरमार्गे बराच लांबचा फेरा पडणार होता. मुलगी दुसरी संपवून तिसरीत जाणार होती. घर पाहायला दोघेही आले होते आणि एजंटही सोबत होता.

मी बाथरूमच्या मागची भिंत पाहत होतो. रंगाचे पापुद्रे सुटले होते, खाली पांढरट खार फुटला होता आणि बोट लावले की गिलाव्याची भुकटी हाताला येत होती. वरच्या मजल्याची पाइपलाइन गळत असल्याचे ते चिन्ह होते. मी ते दाखवल्यावर दोघांनीही ती भिंत पहिल्यांदाच पाहिली, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळले. त्यांनी पाहिले होते ते वेगळेच. ताईंनी प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून एक छापील पान काढले. शहरातल्या शाळांची क्रमवार यादी होती आणि वरच्या एका ओळीवर पिवळी खूण होती. "साहेब, ही शाळा इथून चालत नऊ मिनिटं. आम्ही घड्याळ लावून दोनदा चालून पाहिलं," असे त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात इतकी खात्री होती की भिंतीचा विषय मला थोडा वेळ बाजूला ठेवावा लागला.

"तिसरीला प्रवेश मिळाला आहे का?" मी विचारले. प्रवेश झालेला नव्हता. अर्ज भरायचा होता, पण एक किलोमीटरच्या आत घर असले की शाळेला प्रवेश द्यावाच लागतो, असे त्यांना सांगण्यात आले होते. कोणी सांगितले, हे त्यांनी बोलून दाखवले नाही. एजंट मात्र तेवढ्यात फोन घेऊन गॅलरीत गेला.

हा गैरसमज मला वारंवार भेटतो आणि दर वेळी अस्वस्थ करतो, कारण तो निराधार नसतो. एका खऱ्या नियमाचा तुकडा त्यात असतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार खासगी विनाअनुदानित शाळांना प्रवेशाच्या पहिल्या टप्प्यावर, म्हणजे पहिलीला किंवा पूर्वप्राथमिकला, २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांसाठी ठेवाव्या लागतात. आपल्या राज्यात त्या जागांसाठी सोडत निघते आणि तिच्यात घरापासूनचे अंतर, आधी एक किलोमीटर आणि मग तीन, विचारात घेतले जाते. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने शासकीय किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना या जबाबदारीतून सूट दिली आणि त्याच वर्षी जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. त्या काळात 'एक किलोमीटर' हे शब्द घरोघरी पोहोचले; त्यामागच्या अटी मात्र पोहोचल्या नाहीत. दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत लागते. या कुटुंबाचे त्याहून बरेच अधिक होते, वंचित गटांतही ते मोडत नव्हते आणि मुलगी तर तिसरीची. त्यांच्यासाठी घराचा पत्ता प्रवेशाचा कोणताही हक्क देणारा नव्हता. जागा रिकामी असेल तर प्रवेश, नसेल तर प्रतीक्षा.

पत्त्यावर शाळा ठरते ती इतरत्र. अमेरिकेत अनेक ठिकाणी शाळेची हद्द नकाशावर आखलेली असते आणि रस्त्याच्या या बाजूचे मूल एका शाळेत, तर त्या बाजूचे दुसऱ्या शाळेत जाते. सँड्रा ब्लॅक या अर्थतज्ज्ञ बाईंनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बोस्टनच्या उपनगरांतील अशा हद्दींच्या दोन्ही बाजूंची घरे ताडून पाहिली, तेव्हा शाळेचे परीक्षेतील गुण पाच टक्क्यांनी अधिक असतील तर पालक घरासाठी सुमारे अडीच टक्के जास्त मोजतात, असे आढळले. तिथे त्या जास्तीच्या पैशात शाळेतली जागा मिळते. आपल्याकडे त्याच पैशात फक्त अंतर कमी होते. शिवाय त्या अभ्यासामागे परीक्षेचे गुण होते. ताईंच्या हातातल्या यादीखाली बारीक अक्षरांत लिहिले होते की क्रमांक पालकांच्या आणि शिक्षकांच्या मतांवरून लावले आहेत. महाविद्यालयांना आणि विद्यापीठांना केंद्र सरकारची एनआयआरएफ क्रमवारी आहे, तशी शाळांसाठी नाही. यूडायस या शाळांच्या सरकारी माहितीसंग्रहात शाळांच्या वर्गखोल्यांची, शिक्षकांची आणि पटसंख्येची माहिती असते. त्यावरून एका शिक्षकामागे किती मुले आहेत हे कोणालाही काढता येते, आणि प्राथमिकसाठी कायद्याने ३० मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण धरले आहे. मी त्यांना तेवढे पाहायला आणि मुख्य म्हणजे विसार देण्याआधी शाळेत जाऊन तिसरीच्या रिकाम्या जागा विचारायला सांगितले. मूल्यांकनाचा आकडा ग्राहकाला जागेवर सांगण्याची पद्धत नाही आणि मी तो सांगितला नाही.

कार्यालयात येऊन हिशोब केला. त्याच इमारतीतला तितक्याच क्षेत्रफळाचा फ्लॅट आठ महिन्यांपूर्वी साडेबावन्न लाखांना गेला होता, शेजारच्या इमारतीतला ५५ लाखांना. मजला, पार्किंग, इमारतीचे वय आणि ती ओल धरून माझा आकडा ५४ लाखांवर आला. उरलेल्या आठ लाखांसाठी मला कागदावर आधार सापडेना. शाळा जवळ असणे ही सोय मी मोजतो, पण ती सोय शेजारच्या दोन्ही व्यवहारांतही होतीच. यादी मात्र त्यांच्यानंतर आलेली होती.

या रकमेच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे मूल्याच्या ८० टक्क्यांची मर्यादा आहे. ६२ लाखांवर ४९ लाख ६० हजार मिळाले असते. ५४ लाखांवर ४३ लाख २० हजारच मिळणार होते. म्हणजे स्वतःचे १२ लाख ४० हजार घालण्याऐवजी त्यांना १८ लाख ८० हजार उभे करावे लागणार होते, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी वेगळीच. पतीचा दोन दिवसांनी फोन आला. ते रागावलेले नव्हते, आणि त्यामुळेच मला बोलणे जड गेले. गावाकडचे अर्धा एकर विकून तेवढी भर घालावी का, असे ते विचारत होते. मी पुन्हा एकच विचारले, शाळेत गेलात का. गेले होते. तिसरीला जागा नव्हती, प्रतीक्षा यादीत नाव घेतले होते.

विक्रेता किंमत उतरवायला तयार झाला नाही आणि त्यांनी व्यवहार सोडला. पाथर्डी फाट्याच्याच बाजूला त्यांनी दुसरे घर घेतले आणि मुलगी आधीच्याच शाळेत राहिली, असे नंतर बँकेतून कळले.

गंगापूर रोडचा तो फ्लॅट मात्र काही महिन्यांत दुसऱ्या कुटुंबाने ६१ लाखांना घेतला, आणि तोही बहुतांश स्वतःजवळच्या पैशांच्या बळावर, त्यामुळे मूल्यांककाचा प्रश्न फारसा आडवा आला नाही. खरेदीखत नोंदले गेले. अलीकडे त्याच इमारतीतल्या आणखी एका फ्लॅटची फाईल माझ्याकडे आली, तेव्हा अलीकडचे व्यवहार काढताना सर्वांत वर हाच इंडेक्स टू निघाला. तो नोंदणीकृत आहे, ताजा आहे, त्याच इमारतीतला आहे, आणि नियमाप्रमाणे तो तुलनेत धरावाच लागतो. मी तो धरला, त्याखाली शेरा लिहिला की ही किंमत एकाच व्यवहारावर आधारलेली असून जुन्या दोन व्यवहारांशी तिचा मेळ बसत नाही, आणि हिशोबात तिला वजन कमी दिले. तरीही नवा आकडा ५४ लाखांच्या वरच गेला.