गुलाबी मनोऱ्याचा सगळ्यात बारका ठोकळा : आमची वाटचाल

आमच्या माँटेसरी आणि डे-केअरमध्ये अ‍ॅडमिशनला आलेले पालक आधी फी विचारतात, सोबत आजोबा असले तर ते हमखास विचारतात, "लायसन्स हाय न्हवं?" हाय की आजोबा, पण ते फ्रेम करून भिंतीला लावता येत नाही, कारण ती एक जाडजूड फाईल आहे. शॉप अ‍ॅक्ट, फायरचं सर्टिफिकेट, स्वयंपाकघराचं एफएसएसएआय म्हणजे अन्नसुरक्षेचं रजिस्ट्रेशन, स्टाफचं पोलीस व्हेरिफिकेशन, टाकी धुतल्याची नोंद, आणि २०२५ मध्ये राज्य सरकारनं खाजगी पूर्व-प्राथमिकची पोर्टलवर नोंदणी सुरू केली ती पण त्यात. प्रत्येक कागदामागं वेगळं खातं आणि येणारा माणूस आपापलं बघून जातो. फायरवाले भिंतीवरचा आग विझवायचा सिलेंडर बघतात, खाण्याचे साहेब ओट्याखाली वाकून बघतात, डेंग्यूच्या सर्व्हेचा पोरगा कुंडीखालची ताटली उचलून बघतो. अडीच फुटाच्या पोराला जिथनं खोली दिसते तिथनं बघायला मात्र कुणाचंच खातं नाही. ते आपलं आपल्यालाच करायला लागतं आणि गेल्या काही वर्षांत आमचा धंदा वाढला तो बराचसा तेवढ्या एका गोष्टीवर वाढला असं मला वाटतं.

सुरुवात कोल्हापुरात राजारामपुरीत, सासऱ्यांच्या जुन्या घराच्या तळमजल्यावर. मी माँटेसरीचा कोर्स केलेला, जाऊबाई हिशोबात पक्क्या, आणि हाताखाली दोन मावशी. सकाळी माँटेसरी वर्ग, दुपारनंतर डे-केअर, संध्याकाळी सातला शेवटचं पोरगं घरी. सीपीआर ह्या सरकारी दवाखान्यातल्या नर्स, बँकेतल्या मुली, शिक्षिका असे पालक. लोकांना माँटेसरी म्हणजे महागडी लाकडी खेळणी वाटतात, पण माँटेसरीबाई मुळात डॉक्टर. १८९६ ला रोममधनं डॉक्टर झालेल्या, आणि १९०७ ला तिथल्या सान लोरेंझो वस्तीत पहिलं बालगृह काढलं तेव्हा नियमावलीतच होतं की मूल स्वच्छ अंगानं, स्वच्छ कपड्यात आलं पाहिजे. पोरांचं वजन-उंची नेमानं मोजायची पद्धतही त्यांचीच. म्हणजे तपासणी ही माँटेसरीला बाहेरनं चिकटवलेली भानगड नाही, आधीपासनं आतच आहे. १९३९ ला त्या मद्रासला आल्या, आपल्याकडं तारा मोडकांनी त्याच्याही आधी ही पद्धत मराठीत आणून इथल्या मातीत रुजवली, त्यामुळं दट्ट्यापेटी (भोकात मापाचे दट्टे बसवायचा लाकडी ठोकळा) वगैरे शब्द आमच्या जुन्या बालवाडीवाल्या बाईंच्या तोंडी लहानपणापासनंच ऐकलेले.

आता गुलाबी मनोऱ्याचं सांगते, माँटेसरीतलं एकावर एक रचायचं साहित्य. दहा ठोकळे, सगळ्यात मोठा दहा सेंटीमीटरचा आणि सगळ्यात बारका एक सेंटीमीटरचा. हा एक सेंटीमीटरवाला म्हणजे तीन वर्षाच्या आतल्या पोराच्या घशात बसायला अगदी मापाचा. मोजायला शिकवायचे सोनेरी मणी तर त्याहून बारके. बारक्या भागांची टेस्ट करायचा एक सिलेंडर असतो, व्यास ३१.७ मिलिमीटर, त्यात जी वस्तू पूर्ण आत जाते ती तीन वर्षाच्या आतल्यांना द्यायची नाही. आमच्याकडं साडेतीन वर्षाची आणि दीड वर्षाची पोरं एकाच छताखाली, मग करायचं काय? लोक म्हणाले बारका ठोकळा काढूनच टाका. मग नऊ ठोकळ्यांचा मनोरा, तो मनोरा कसला? आम्ही वर्ग वेगळे केले, मधे अर्ध्या उंचीचं दार बसवलं, कडी मोठ्यांच्या हाताला येईल अशी. आणि खरी गंमत म्हणजे माँटेसरीचं साहित्य मोजून असतं, प्रत्येक साहित्याचा एकच संच, त्यामुळं ठोकळा कमी पडला की पोरगंच ओरडतं, "ताई, बारका न्हाई!" प्लॅस्टिकच्या ब्लॉकचा ढीग असला तर त्यातला एक हरवलेला वर्षभर कुणाला कळणार नाही. साहित्य पूर्ण जागेवर आल्याशिवाय वर्ग बंद करायचा नाही हा नियम सुरक्षेचा म्हणून नव्हताच, शिस्तीचा होता, पण आमच्या सगळ्या चेकलिस्टपेक्षा तो जास्त उपयोगी पडतो.

काचेवरनं मात्र बरीच वादावादी झाली. माँटेसरीत पोरांना खरी वस्तू देतात, काचेचा छोटा ग्लास, चिनी मातीची बशी, केळं कापायला बिनधारेची सुरी. तपासणीला आलेले एक साहेब ते बघून तिथंच थबकले. म्हणाले मॅडम हे सगळं आजच्या आज हलवा, प्लॅस्टिक आणा. मी त्यांना बसवलं, चहा दिला, आणि म्हटलं दहा मिनिटं नुस्तं बघा. एका चार वर्षाच्या पोरीनं दोन्ही हातांनी ग्लास धरून पाणी ओतलं, सांडलेलं पुसलं, ग्लास जागेवर ठेवला. साहेब काय बोलले नाहीत, पण रिपोर्टात लिहिलंच, काच मोठ्यांच्या देखरेखीखाली वापरावी. ते बरोबरच आहे, त्यात वाद नाही. काच फुटली तर पोरांनी जागेवर उभं राहायचं, हलायचं नाही, मोठ्या माणसानं येऊन उचलायचं, हे आम्ही पोरांना गाणं शिकवल्यासारखं शिकवतो. तीन वर्षाच्या आतल्यांना स्टील.

फायरचं म्हणाल तर महाराष्ट्रात २००६ चा कायदा आहे, त्याप्रमाणं बी फॉर्म, म्हणजे आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, वर्षातनं दोनदा द्यायचा, जानेवारीत आणि जुलैत, लायसन्स असलेल्या एजन्सीकडनं यंत्रणा तपासून. पहिली काही वर्षं आमचा एजन्सीवाला हे फोनवरनंच उरकायला बघायचा. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं आणि सगळं शहर हादरलं. शाहू महाराजांच्या काळातली, १९१५ सालची वास्तू, शेजारी खासबाग कुस्ती मैदान, डोळ्यादेखत गेली. दुसऱ्या दिवसापासनं पालक स्वतःहून विचारायला लागले, सिलेंडर कुठाय, काटा हिरव्यात आहे का, पोरं बाहेर कुठनं काढणार. मला विचाराल तर शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. २००४ ला तमिळनाडूत कुंभकोणमला शाळेच्या स्वयंपाकघरातनं आग लागली, ९४ पोरं गेली, तिथं नडलं ते गवताचं छप्पर आणि बाहेर पडायची अरुंद वाट. सिलेंडर मावशी चालवतील हो, पण झोपलेली दहा पोरं उचलायची कशी? त्यासाठी आम्ही चाकाचा लोखंडी पाळणा गांधीनगरातल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडनं करून घेतला, त्यात पाच बारकी पोरं बसतात, दारातनं निघेल एवढ्याच रुंदीचा. ड्रिल दुपारच्या झोपेतच घेतो, पोरं जागी असताना घेतलेलं ड्रिल म्हणजे स्नेहसंमेलनच.

खाण्याची तपासणी करणारे फ्रीजचं तापमान बघतात, तेल बघतात, डब्यावर तारीख बघतात. पण धोका बऱ्याचदा घरनं आलेल्या डब्यात असतो. भडंग! जयसिंगपूरचा भडंग कुणाला आवडत नाही, पण त्यातले अख्खे शेंगदाणे चार वर्षाच्या आतल्या पोराला नकोतच, श्वासनलिकेत गेला तर सीपीआरला पळायची वेळ. फुटाणे तसलेच, द्राक्षं उभी चिरून. हे पालकांना सांगितलं की पटतं. पटत नाही ते गळ्यातल्या काळ्या दोऱ्याचं. एक आजी माझ्यावर चिडल्या, "पोरीला नजर लागली म्हंजे तुमी बगणार काय?" मी म्हटलं आजी, दोरा काढू नका, गळ्यातला पायात बांधा, नजर पायावरनं पण उतरती की. हसल्या आणि बांधला. आता फॉर्ममध्येच लिहिलंय, झोपताना गळ्यात काही नको, आणि वर्षाच्या आतलं बाळ असेल तर मोहरीची उशीही नको, पाठीवर झोपवायचं, उशीशिवाय.

मोठा फरक पडला तो २०१७ नंतर. मॅटर्निटी बेनिफिट कायद्यात बदल झाला, ५० किंवा जास्त कामगार असलेल्या कंपनीला पाळणाघराची सोय सक्तीची झाली, आईला दिवसातनं चार वेळा पोराकडं जाऊन यायची मुभा. गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका फौंड्रीवाल्यांनी आवारात पाळणाघर चालवायला द्यायचं ठरवलं आणि आधी आमचं राजारामपुरीचं सेंटर बघायला त्यांचा सेफ्टी ऑफिसर पाठवला. हा माणूस आयुष्यभर वितळलेल्या लोखंडाच्या भट्टीशेजारी उभा राहिलेला. आला, बूट काढले, आणि सरळ गुडघ्यावर बसला. मग पालथा झोपला. कपाटाखाली बॅटरी मारून बघितली, प्लगच्या बोर्डाला हात लावला, म्हणाला शटरवालं सॉकेट बसवा आणि मेनला ३० मिलिअँपचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. दाराच्या बिजागरीच्या फटीत स्वतःचं बोट घालून बघितलं. जाऊबाई तोंडावर पदर धरून हसत होत्या. शेवटी विचारलं, "निअर मिस रजिस्टर दाखवा." आम्ही एकमेकींकडं बघितलं. अपघाताची वही होती, कुणाला लागलं, काय लावलं, पालकांची सही. हा म्हणाला ते नव्हे, लागता लागता राहिलं ते कुठं लिहिता? कारखान्यात हुक सुटून शेजारी पडला, कुणाला लागला नाही, तरी ते लिहायचं असतं, कारण उद्या तो डोक्यावर पडणार.

ते रजिस्टर त्याच आठवड्यात सुरू केलं आणि सांगते, त्यानं आम्हाला जे शिकवलं ते कुठल्या सर्टिफिकेटनं नाही शिकवलं. मावशींना आधी वाटायचं की लिहिलं तर आपल्यावरच येणार, म्हणून नाव लिहायचंच नाही असं ठरवलं, फक्त वेळ, जागा आणि काय झालं. ज्यांना लिहायला जमत नाही त्या मोबाईलवर बोलून पाठवतात, जाऊबाई उतरवून घेतात. महिन्याभरात एक गोष्ट दिसायला लागली, बहुतेक नोंदी संध्याकाळी पाच ते साडेसहातल्या. पोरं पेंगुळलेली, पालक दारात, मावशी एका हातानं पिशवी देतेय आणि दुसऱ्या हातात दुसरंच पोरगं, फाटक उघडं. सकाळी अकराला कुणीही तपासणीला आलं तर आमचं सेंटर झकासच दिसणार, सगळे अकरालाच येतात! आता त्या वेळेला एक माणूस फक्त फाटकावर, दुसरं काही काम नाही. केंद्राच्या क्रेश गाईडलाईनमध्ये तीन वर्षाच्या आतल्या दहा पोरांमागं एक बाई असा हिशोब आहे, तो दिवसभर पाळला आणि पाच वाजता दोघी घरी गेल्या तर कागदावर पाळलाच म्हणायचा, पण त्याला काय अर्थ. दुसरी नोंद वारंवार यायची ती बटण सेलची, पालकांच्या गाडीच्या रिमोटातली, गाणी वाजणाऱ्या खेळण्यातली. गिळला तर दोन तासात अन्ननलिका जळू शकते. आता स्क्रूनं झाकण बंद होत नसेल ते खेळणं आत येत नाही, आणि किल्ल्या ठेवायला दारातच उंचावर ट्रे.

फौंड्रीचं काम मिळालं, अजून चालू आहे. तो सेफ्टी ऑफिसर रिटायर झालाय, त्याची नात आमच्याकडं येते.

पावसाळा हा आमचा वेगळाच विषय. ओतायच्या खेळाचे वाडगे, झाडं पुसायच्या ताटल्या, सगळीकडं पाणीच पाणी, आणि डेंग्यूच्या एडिस डासाला तेवढंच लागतं. अंड्यापासनं डास व्हायला आठ-दहा दिवस, म्हणून शनिवारी कोरडा दिवस, झाडून सगळी भांडी पालथी, फ्रीजच्या मागचा ट्रे सुद्धा. बादली तर कुठल्याच दिवशी भरून ठेवायची नाही, रांगणारं पोरगं चार बोटं पाण्यातही बुडतं. नळाला गढूळ पाणी यायला लागलं की टाकीतल्या पाण्याची रोज ओटी टेस्ट, दोन थेंब टाकायचे आणि पिवळं झालं की क्लोरिन आहे. आणि पंचगंगेचा पूर. आमच्या गल्लीत पाणी येत नाही, पण दुधाळीतल्या मावशी, शाहूपुरीतले पालक, त्यांच्याकडं येतं. २०१९ ला राजाराम बंधाऱ्यावर पातळी ५५ फुटांच्या वर गेली, आणि पोरं आमच्याकडं आणि आईबाप पलीकडं असं होऊ नये म्हणून तेव्हापासनं साधा नियम आहे, ३९ फूट इशारा पातळी झाली की सगळ्यांना मेसेज, ४३ धोका पातळीच्या आधी दुपारी सेंटर बंद. फी कापत नाही. काही पालक अजून कुरकुरतात की ऑफिसला सुट्टी नाही, मान्य आहे, पण ह्यात तडजोड नाही.

बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचाराच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये शासनानं शाळांना सीसीटीव्ही आणि कर्मचाऱ्यांच्या चारित्र्य पडताळणीचा आदेश काढला. आमच्याकडं कॅमेरे आधीपासनं होते, वाढवले. बरेच पालक मोबाईलवर लाईव्ह मागतात, आम्ही देत नाही. दुसऱ्याचं पोरगं कपडे बदलताना तिसऱ्याच्या मोबाईलवर का दिसावं? ज्याला बघायचंय त्यानं न सांगता कधीही यावं, दार उघडं आहे, फक्त चप्पल बाहेर. ह्यावरनं दोन-चार अ‍ॅडमिशन गेल्या, जाऊ देत.

ह्या सगळ्याला पैसा लागतो हे खरं, फाटकावरची एक्स्ट्रा मावशी, गॅसचा १९ किलोचा कमर्शियल सिलेंडर, पाच वर्षांनी गॅसची पाईप, एजन्सीची फी. आमची फी शेजारच्यापेक्षा जास्त आहे आणि का जास्त आहे ते आम्ही रजिस्टर पुढ्यात ठेवून सांगतो. सध्या वरच्या मजल्यावर मोठा वर्ग न्यायचा विचार चाललाय, पण खाली उतरायला एकच जिना आहे आणि मागच्या बाजूनं दुसरा काढायचा तर सासऱ्यांचं पारिजातकाचं झाड आडवं येतंय. सासरे म्हणतात झाड तोडायचं नाही, मी म्हणते जिन्याशिवाय पोरं वर न्यायची नाहीत. फॅब्रिकेशनवाला झाडाला वळसा घालून लोखंडी जिना बसवून देतो म्हणतोय, दिवाळीनंतर माप घ्यायला येणार आहे.