गोंयच्या सायबाकडे चालत

"प्रेताच्या पाया पडायला साठ किलोमीटर चालणार तू?" थोरला भाऊ नगरहून फोनवर म्हणाला. आम्ही अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतले, म्हणजे प्रोटेस्टंट. संतांचे पुतळे नाहीत, मेणबत्त्या नाहीत, गुडघे टेकायचे तेही क्वचित. वडील शेवगाव तालुक्यातल्या एका खेड्यात मंडळीचे पाळक होते, म्हणजे तिथल्या चर्चचे पाद्री. नोकरीनिमित्त मी सावंतवाडीत आले आणि शेजार मिळाला तो कॅथलिक. सदुसष्ट वर्षांच्या शेजारच्या मावशी अठरा वेळा जुन्या गोव्याला चालत जाऊन आलेल्या. एकोणिसाव्या खेपेला त्यांनी सहज म्हटलं, "चल गो आमच्यावांगडा." भावाला काय उत्तर द्यावं ते सुचलं नाही, म्हणून मी फोन ठेवला आणि बूट शोधायला लागले.

गोंयचो सायब म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर. त्यांचं शव जुन्या गोव्यात ठेवलेलं आहे. ते 3 डिसेंबर 1552 ला चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर वारले. त्या दिवशी त्यांचं फेस्त, म्हणजे सण असतो, आणि त्याआधीचे नऊ दिवस नवेन, म्हणजे रोजची प्रार्थना. कोकणातून, बेळगावकडून, कारवारकडून लोक चालत येतात. आम्ही 1 तारखेला पहाटे मिलाग्रिस चर्चमधून निघालो. चाळीसेक माणसं, पुढे क्रूस, मागे सामानाचा टेम्पो. टेम्पोत पेजेचं पातेलं, सुक्या बांगड्याचा डबा आणि एक आजारी पोरगं. इन्सुलीच्या घाटापर्यंत सगळे तेर्स, म्हणजे रोझरीची जपमाळ म्हणत होते. मला रोझरी येत नाही. मी ओठ मिटून पावलं मोजत राहिले.

बांद्याला तेरेखोल ओलांडली आणि वडाच्या सावलीत पेज प्यायलो. तोवर माझं पहिलं बोट फुटलं होतं. मावशी रबरी चपलेत, आणि मी ऑनलाइन मागवलेल्या बुटांत. कोण लंगडत होतं ते सांगायला नको.

मी त्यांना 'तुम्ही' म्हणायची. घाटावरची सवय. त्या वैतागल्या. "तुमी तुमी काय म्हणतस? देवाक तू म्हणतस ना?" खरंच की. आमच्या घरी वडिलांना 'तुम्ही', पाळकांना 'तुम्ही' (दोन्ही एकच माणूस), मिशनच्या साहेबाला 'आपण', आणि ज्याच्यापुढे हे सगळे कापत होते त्याला सरळ 'तू'. लहानपणापासून प्रार्थनेत तो 'तू' म्हणत आले, पण त्यात इतकं काही दडलंय हे बांद्याच्या पुढच्या डांबरी रस्त्यावर कळलं. कोकणात आईला तू, आजीला तू, देवाला तू. भय मात्र आहेच. मावशी आंघोळीशिवाय घरातल्या ओरातोरीपुढे, म्हणजे देव्हाऱ्यापुढे उभ्या राहत नाहीत.

पत्रादेवीला हद्द लागते. तिथे हुतात्मा स्मारक आहे. 15 ऑगस्ट 1955 ला निःशस्त्र सत्याग्रही इथून गोव्यात शिरले आणि पोर्तुगीज पोलिसांनी गोळ्या घातल्या. आमच्यातले दोघे-तिघे थांबून टोप्या काढून उभे राहिले, मग पुन्हा तेर्स सुरू. मी मात्र थोडी अडखळले. त्याच सत्तेच्या छायेत इथे आलेल्या माणसाच्या कबरीकडे आपण चाललोय. पुढे दोन तास हे डोक्यातून गेलं नाही.

मुक्काम पेडण्याच्या बाजूला, एका शाळेच्या व्हरांड्यात. जेवणानंतर बरोबरच्या तरुण फादरांनी दहा मिनिटं बोलायचं ठरवलं आणि चक्क दहाच मिनिटं बोलले. म्हणाले, पवित्र आत्म्याची सात दानं सांगतात, त्यांतलं शेवटचं देवाचं भय. मी उठून बसले. भय हे दान? आमच्या घरी ते छडीसारखं होतं, कोनाड्यात ठेवलेलं. फादर तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनसबद्दल बोलले. गुलामाचं भय वेगळं आणि लेकराचं वेगळं, असं त्याने लिहून ठेवलंय. गुलामाला फटक्याची धास्ती असते. लेकराला धास्ती असते ती बापापासून तुटण्याची.

छान सांगितलं, पण माझं समाधान झालं नाही. व्याख्या ऐकून समाधान होण्याचं वय गेलं बहुतेक. मी बॅगेतून पवित्र शास्त्र काढलं. स्तोत्रसंहितेत 120 ते 134 ही पंधरा स्तोत्रं यरुशलेमकडे वर चढून जाणाऱ्या यात्रेकरूंची आहेत. म्हणजे अभंगच म्हणा ना, चालता चालता म्हणायचे. भयाचा विषय त्यांत दोनदा ठळक येतो. 128 मध्ये भय धरणारा माणूस घरी जेवायला बसलाय, बायको द्राक्षवेलीसारखी, पोरं मेजाभोवती जैतुनाच्या रोपांसारखी. धास्तावलेल्या माणसाचं घर असं नसतं. आणि 130 मध्ये एक ओळ आहे, जी मी चाळीस वर्षं वाचतेय आणि जिच्यावरून घसरून पुढे जातेय. देवा, तू अपराध मोजत बसलास तर कोण टिकेल, पण तुझ्याजवळ क्षमा आहे, म्हणून तुझं भय धरतात. क्षमा आहे म्हणून भय? उलटं नको का? क्षमा असेल तर भय संपायला हवं.

मराठीत या गोष्टीला शब्द कमी नाहीत. पोलिसांचा वचक, मास्तरांचा धाक, पाटलाचा दरारा, अंधाराची भीती. शास्त्रात मात्र पुन्हा पुन्हा एकच वळण येतं, भय धरणे. वाट धरतात, बोट धरतात, गर्भ धरतो, तसं धरणे. वाटणारं भय येतं आणि जातं. धरलेलं भय हातात असतं. व्हरांड्यात डास चावत होते म्हणून हे सुचलं असेल, पण सुचलं खरं.

दुसऱ्या दिवशीचं फार सांगण्यासारखं नाही. चौपदरी महामार्ग, धूळ, कोलवाळच्या पुलावर वारा, ट्रकवाले हॉर्न देऊन हात करत. एका हिंदू घरातल्या बाईंनी कोकम सरबताचा हंडा रस्त्यावर आणून ठेवला होता. म्हापशात मी बूट टेम्पोत टाकले आणि बाजारातून निळ्या स्लिपर घेतल्या. मावशी मिलाग्र सायबिणीच्या, म्हणजे मरिया मातेच्या चर्चकडे हात जोडून म्हणाल्या, ही लईराईची बहीण. शिरगावच्या देवी लईराईची. सात बहिणींतली एक चर्चात गेली, असं इथले हिंदूही मानतात. नगरच्या भावाला हे सांगायची हिंमत मला अजून झालेली नाही.

पणजीत पोचेपर्यंत रात्रीचे अकरा. तासभर पाय पसरले आणि निघालो. पणजीहून रायबंदरला जायला जुना बांध आहे, तीनेक किलोमीटरचा. लिन्यारेसच्या काउंटाच्या अमदानीत, 1633-34 मध्ये बांधलेला. एका हाताला मांडवी, दुसऱ्या हाताला मिठागरं. कॅसिनोंचे दिवे मागे पडले की बराच अंधार होतो. फादर म्हणाले, बांधावर कोणी बोलायचं नाही. अर्थात लोक बोलतच होते, फक्त हळू.

मावशींनी विचारलं, "कुमसार केलंस?" म्हणजे पापनिवेदन. फेस्ताआधी सगळे करतात. मी म्हटलं, आमच्यात नसतं. "मगे तुमी खय सांगतात?" खय म्हणजे कुठे. मला उत्तर आलं नाही. आणि मग, काय झालं माहीत नाही, मी सांगायला लागले.

मी अकरा वर्षांची असताना अर्पणाच्या थैलीतून दोन रुपयांची नोट काढली. आमच्या खेड्यातली मंडळी ती. चपला बाहेर काढून लोक सतरंजीवर बसत, काही बायका पैशांऐवजी मूठभर बाजरी देत. उपासना संपली की वडील थैली ओतून मोजत आणि वहीत लिहीत. ते बाहेर कुणाशी बोलत असताना मी हात घातला. बाजारच्या दिवशी रिबीन आणि गुडदाणी घेतली. भिंतीवर 'देव तुला पाहतो' असं वडिलांनीच सुवाच्य अक्षरात लिहून लावलेलं होतं. त्याच्याखालीच बसून गुडदाणी खाल्ली. देव पाहत असेल, पण सांगत नव्हता.

वडिलांना कळलं होतं. कारण ती नोट त्यांनीच टाकली होती. तीन दिवस मी माराची वाट बघितली. मार आला नाही. रविवारी उपासना संपल्यावर त्यांनी थैली माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "मोज." ते खुर्चीवर डोळे मिटून बसले. मी मोजलं, आकडा सांगितला, त्यांनी लिहिला. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. मी शिकायला नगरला जाईपर्यंत, म्हणजे पाच वर्षं, मंडळीचे पैसे मीच मोजले. या विषयावर आम्ही एक शब्दही बोललो नाही. ते गेले तेव्हाही नाही.

मार बसला असता तर हिशोब मिटला असता. रडले असते, रागावले असते, पुढच्या वेळी जास्त हुशारीने चोरले असते. त्या थैलीने मला जे धरलं ते अजून सुटलेलं नाही. शाळेत सहलीचे पैसे गोळा करताना मी आजही दोनदा मोजते. शिक्षेची भीती म्हणावी तर शिक्षा करणारं आता कोणी उरलं नाही. याला भीड म्हणावं का? भीड पडते ती ज्याने आपल्यावर विश्वास टाकला त्याची.

मावशी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुझो बापूस शाणो होतो. मारल्यान असतो तर तू इसारलं असतंस." आणि चार पावलांनंतर, "दोन रुपये परत घातलंस?"

नाही. कधीच घातले नव्हते. चाळीस वर्षांत सुचलंसुद्धा नव्हतं.

जुन्या गोव्यात पोचलो तेव्हा पहाटेच्या मिस्सा सुरू झाल्या होत्या. खाजे, चणे, नवसाचे मेणाचे हातपाय विकणारे, भोंग्यावर कोंकणी गाणी. बॉम जेझू बाजिलिकाच्या बाहेरच्या भिंतींना गिलावा नाही, उघडा जांभा. ओला असल्यासारखा काळसर लाल. समोर रस्त्यापलीकडे से कॅथेड्रल. त्याच्या जवळच कुठेतरी इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचा वाडा होता, आता खूणही नाही. हे लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. 1546 मध्ये झेवियरांनीच पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन मागितलं. ते आलं 1560 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, आणि मधला थोडा काळ सोडला तर 1812 पर्यंत चाललं. त्या वाड्यासमोरून जाताना लोक चळचळा कापत असतील. पण ते माणसांना भीत होते. देवाच्या नावाने घातलेली दहशत आणि देवाचं भय यांची गल्लत चर्चने किती सहज केली, हे आमच्या मिशनवाल्यांनी कॅथलिकांना ऐकवायला नको. भिंतीवरच्या त्या पाटीत आमचीही थोडी गल्लत होतीच.

मग मी रांगेत का उभी राहिले? पाय दुखत होते आणि मावशी पुढे होत्या, हे एक कारण. दुसरं असं की त्या माणसाचा हिशोब करायला मी कोण, हा प्रश्न बांधावरच पडला होता.

पायरीशी आल्यावर सवयीने मी स्लिपर काढल्या. भिंतीशी आधीच आठ-दहा जोड होते, कोकणातल्या हिंदू मंडळींचे असणार. कॅथलिक चप्पल घालूनच आत जातात. जांभ्यावरून आत फरशीवर पाय ठेवला आणि फोडांना इतकं गार वाटलं की डोळे मिटले. झेवियरांच्या शवाची चांदीची पेटी उंच ठेवलेली आहे. गोव्याच्या सोनारांनी ती 1637 च्या सुमारास घडवली. खालचा संगमरवरी चौथरा 1698 चा, तस्कनीच्या ग्रँड ड्यूकने पाठवलेला. मान वर केली तर पेटीची फक्त कड दिसते. लोक पुढे सरकत होते, मी गुडघे टेकले नाहीत. टेकावेसे वाटले, पण टेकले नाहीत. फक्त उभी होते, आणि हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. बाहेर पडताना दानपेटीत दोन रुपयांचं नाणं टाकलं. मावशींनी डोळे वटारले. "चाळीस वर्साचा व्याज?" मग शंभराची नोटही टाकली.

बाहेर आले तर स्लिपर नव्हत्या. निळ्या, म्हापशाच्या, एका दिवसाच्या. भिंतीशी आता एकच जोड उरला होता, चॉकलेटी, चामड्याचा, बरा दिसणारा. मापही माझंच. आम्ही थोडा वेळ वाट बघितली. कोणी आलं नाही. टेम्पो सामान घेऊन पार्किंगला गेलेला, ते पाऊण किलोमीटर, आणि डांबर तापायला लागलेलं.

"घाल गो," मावशी म्हणाल्या, "कोण बघता!"

मी त्या चपलांकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. त्यांनाच हसू आवरेना. मी तशीच अनवाणी निघाले, सावली बघून पाय टाकत. त्या शेजारून चालत होत्या, आणि थोड्या वेळाने त्यांनीही आपल्या चपला काढून हातात घेतल्या.