निवारागृहाला धान्य द्यायचे सोडून प्रशिक्षणाला पैसे का?

तुम्ही विचारलेत म्हणून लिहिते. आमचा छोटा न्यास नाशिक जिल्ह्यातल्या महिला निवारागृहांना मदत करतो हे कळले, की बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात : तिथे धान्य, साड्या, पंखे, गाद्या यांची चणचण असताना तुम्ही कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणावर पैसे कशाला खर्च करता? प्रश्न रास्त आहे, कारण दिलेले धान्य डोळ्यांना दिसते आणि प्रशिक्षण दिसत नाही. परंतु मार खाऊन घर सोडलेली बाई निवारागृहात टिकते की दोन दिवसांत त्याच घरी परतते, हे गादीपेक्षा तिच्याशी पहिल्यांदा बोलणाऱ्या काळजीवाहिकेवर अधिक अवलंबून असते, असे माझे ठाम मत झाले आहे.

आपल्या जिल्ह्याचा विचार करा. पेठ-सुरगाण्याची कोकणा बाई, मालेगावच्या यंत्रमागाच्या वस्तीतली मुस्लिम सून, अंबडच्या कारखान्यात कामाला आलेल्या परप्रांतीय कामगाराची बायको आणि गंगापूर रोडवरची पदवीधर तरुणी या चौघी एकाच खोलीत येऊ शकतात. चौघींचे दुखणे एक असले, तरी ते सांगण्याची रीत, लाज आणि भीती वेगवेगळी असते.

दाखल करून घेतानाचा अर्जच पाहा. त्यात पतीच्या नावाचा रकाना असतो, आणि कितीतरी बायका आजही नवऱ्याचे नाव तोंडाने घेत नाहीत. मध्यरात्री पोलिसांनी आणून सोडलेल्या बाईला काळजीवाहिका ते नाव पुन्हा पुन्हा, दरवेळी आवाज चढवत विचारते. बाई खाली मान घालून गप्प राहते. मग अर्जावर ‘सहकार्य करत नाही’ असा शेरा पडतो आणि तो कागदोपत्री कायम तिच्याबरोबर फिरतो. प्रशिक्षणात नेमका हाच प्रसंग करून दाखवला जातो. आधी पाणी द्यावे, रकाना कोरा ठेवावा, सकाळी आधार कार्ड किंवा शिधापत्रिका पाहून तो भरावा, आणि शेजारी उभ्या असलेल्या लेकराच्या तोंडून बापाचे नाव काढून घेऊ नये. दागिने जमा करण्याच्या नियमाचेही तसेच आहे. बांगड्या आणि मंगळसूत्र एका दमात उतरवायला सांगितले, तर संसार मोडल्याचा निर्णय दुसऱ्याच कोणीतरी घेऊन टाकला, असे त्या बाईला वाटते. त्या क्षणी तिला तेवढेच पुरते परत फिरायला.

काही गोष्टी तर थेट कायद्याशी जाऊन भिडतात. आदिवासी पट्ट्यात ऐपत नसल्यामुळे लग्नाचा विधी पुढे ढकलून एकत्र नांदणारी जोडपी आहेत. अशा बाईला ‘लग्नच झाले नाही, तर तक्रार कसली?’ असे सुनावले, की ती गप्प होते. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा 2005 चा कायदा मात्र लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणाऱ्या स्त्रीलाही संरक्षण देतो, आणि तो कोणत्याही एका धर्मापुरता नाही. म्हणजे काळजीवाहिकेच्या एका अजाण वाक्यामुळे त्या बाईचा कायदेशीर हक्क दारातच अडतो.

इथे एक गैरसमज हमखास होतो, म्हणून स्पष्ट लिहिते. रीतिभाती समजून घेणे म्हणजे ‘त्यांच्यात असे चालतेच’ म्हणत मारहाणीकडे डोळेझाक करणे नव्हे. आंतरजातीय लग्न केलेल्या गरोदर मुलीचा जन्मदात्या बापानेच जीव घेतल्याची 2013 ची घटना आपल्याच नाशिकमधली आहे, आणि जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध राज्यात जो आवाज उठला, त्यामागे ती घटना होती. पुढे सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा कायदा झाला. जातीतून वाळीत टाकले जाण्याची भीती किती खरी असते हे ज्या कर्मचाऱ्याला कळते, तोच ‘जा घरी, मिटवून घे’ असे म्हणत नाही. माझ्या दृष्टीने प्रशिक्षणाचा सर्वांत मोलाचा भाग हा आहे.

मग हे सरकारने करू नये का, असेही विचारले जाते. अवश्य करावे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या 2005 च्या कायद्याच्या कलम 11 ने सरकारी अधिकारी, पोलीस आणि न्यायिक सेवेतील व्यक्तींच्या नियतकालिक प्रशिक्षणाची जबाबदारी शासनावर टाकलेली आहे. स्वयंसेवी संस्थेच्या निवारागृहात तुटपुंज्या मानधनावर रात्रपाळी करणारी काळजीवाहिका मात्र त्या ओळीत कुठेच येत नाही, आणि संकटातल्या बाईची पहिली गाठ तिच्याशीच पडते. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीकडे पाहावे, तर माझा अनुभव असा, की त्यांना फलक लावता येईल अशी इमारत किंवा छायाचित्र काढता येईल असे वाटप हवे असते. निवारागृहातल्या बायकांची छायाचित्रे काढणे किती धोक्याचे आहे, हे देणगीदारांना समजावण्यातच आमचा बराच वेळ जातो. चेहऱ्यावरून किंवा मागच्या भिंतीवरून तिचा ठावठिकाणा घरच्यांपर्यंत पोहोचू शकतो.

आमचा पैसा जातो तो प्रशिक्षकांचे मानधन, त्यांचा एस.टी.चा प्रवास आणि प्रशिक्षणाच्या दिवशी निवारागृह सांभाळायला बसवलेल्या बदली बाईचा रोज यांवर. प्रशिक्षकांमध्ये केवळ समुपदेशक आणि वकील नसतात. पेठच्या बचत गटातली, मालेगावच्या मोहल्ल्यातली अशा त्या त्या समाजातल्या जाणत्या बायकाही असतात, आणि त्यांनाही तितकेच मानधन द्यावे हा आमचा आग्रह असतो. पगार कमी असल्यामुळे कर्मचारी सतत बदलतात, म्हणून हे एकदा करून भागत नाही, दरवर्षी नव्याने करावे लागते.

धान्य देऊ नका, असे मी कधीच म्हणणार नाही. ते जरूर द्या, आणि नागलीचे पीठही द्या, कारण डोंगराकडच्या बायकांना त्याच भाकरीची सवय असते. फक्त पुढच्या वेळी देणगी द्यायला जाल, तेव्हा रात्रपाळीला कोण असते आणि तिला या कामाचे शिक्षण कोणी दिले, एवढे संस्थेला विचारा. उत्तर मिळाले नाही, तर देणगीच्या पत्रात ‘कर्मचारी प्रशिक्षणासाठी’ असे लिहून द्या. देणगीदाराने हेतू लेखी कळवला, की संस्थेला ती रक्कम इतरत्र वळवता येत नाही.