दिवाळीची सुट्टी आणि विद्यापीठामागचा डोंगर

सुट्टी लागली तशी होस्टेलात पिशव्या भरायची एकच घाई उडाली. माझी पिशवी मात्र खुंटीलाच राहिली. आमचं गाव बीड जिल्ह्यात, शिरूर कासार तालुक्यात. दसरा झाला की मुकादमाची गाडी येते, आई-अण्णा ऊसतोडीला जातात आणि घराला कुलूप लागतं. यंदा ते कराडच्या बाजूला आहेत. मग दिवाळीला जायचं कुठं? किनवटची माझी रूममेट नेट परीक्षेच्या अभ्यासासाठी थांबली होती. आमच्या मजल्यावर आम्ही दोघीच उरलो.

मेस बंद होती, त्यामुळे बेगमपुऱ्यातल्या खानावळीपर्यंत रोज पायी जायचो. वाटेत बीबी का मकबरा. याआधी पाहुण्यांना दाखवायला गेले होते, पण या वेळी पहिल्यांदाच भिंतीला हात लावून नीट बघितलं. संगमरवर खाली कमरेएवढा आणि वर घुमटाला. मधला सगळा भाग चुन्याच्या गिलाव्याचा. भूगोलाची विद्यार्थिनी असून हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं, याचं वाईट वाटलं. पाणचक्कीही एका संध्याकाळी बघून आलो. सोनेरी महाल तर विद्यापीठाच्या शेजारीच आहे. पण मन लागलं ते मागच्या डोंगरावर.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात मी दीड वर्ष काढलं. वर्गाच्या खिडकीतून तो डोंगर रोज दिसतो. त्याच्या पोटात औरंगाबाद लेणी आहेत हेही ठाऊक होतं. वेरूळ-अजिंठ्याला सहली जातात, इथं मात्र कुणी चढत नाही. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी आम्ही निघालो. पाऊस संपून महिना झाला होता, गवत पिवळं पडलं होतं. पायवाट सोडून थोडं आत गेलो तर ओढणीभर कुसळं. पायऱ्यांवर बसून ती एकेक काढत होतो, तेवढ्यात खाली बघितलं, तर मकबऱ्याचा घुमट पांढऱ्या वाटीसारखा पालथा पडलेला.

ही लेणी बौद्ध आहेत, बहुतेक सहाव्या-सातव्या शतकातली. तिसऱ्या लेण्यात गेल्यावर डोळे अंधाराला सरावायला वेळ लागला. गाभाऱ्यात भव्य बुद्ध, आणि त्याच्यासमोर दोन्ही बाजूंना गुडघ्यांवर बसलेली माणसं. बाया आणि गडी, जवळजवळ आपल्याएवढे. कुणाचे हात जोडलेले, कुणाच्या केसांची रचना इतकी बारीक की दगड आहे हे विसरायला होतं. मोबाइलची टॉर्च लावली आणि लगेच विझवली. ती माणसं पाया पडत बसली होती, आणि आपण त्यांच्या तोंडावर उजेड मारतोय असं वाटलं. रूममेट हळूच म्हणाली, "अगं, ही आपल्यासारखीच साधी माणसं दिसतात." आम्ही तिथंच बाजूला मांडी घालून बसलो. वटवाघळांचा उग्र वास होता, तरी उठावंसं वाटेना.

दुसरा गट थोडा लांब, पूर्वेला आहे. तिथलं सातवं लेणं मला सगळ्यांत आवडलं. आत नाचणारी स्त्री आणि तिच्या दोन्ही बाजूंना वाद्यं वाजवणाऱ्या बाया आहेत. त्या दगडी बायांच्या बोटांकडे कितीही वेळ बघत बसावं. पण मी अडकले ती बाहेर, वऱ्हांड्यात. मध्ये उभा अवलोकितेश्वर, म्हणजे संकटात धावून येणारा बोधिसत्त्व, आणि दोन्ही अंगांना संकटात सापडलेल्या माणसांचे छोटे छोटे प्रसंग. कुणाला आगीनं घेरलंय, कुणावर तलवार उगारलीय, कुणी बेड्यांत, कुणाचं जहाज बुडतंय. सिंह, हत्ती, साप. सगळे त्याचा धावा करतायत. हा डोंगर व्यापाराच्या वाटांजवळचा. घर सोडून लांब जाणाऱ्या माणसांची भीती कारागिरांनी इथं कोरून ठेवलीय. मला ती शिकवायला कुणी लागलं नाही.

खाली आलो तर वॉचमन मामांनी डब्यातून करंज्या आणल्या होत्या. रात्री खिडकीत दोन पणत्या लावल्या आणि आईला फोन केला. तिकडं कोपीबाहेर, त्यांच्या झोपडीबाहेर, वारा सुटला होता, तिचा आवाज तुटत होता.

"काय खाल्लं गं?"

"करंजी. आई, आज लेण्यात एक देव बघितला. आगीतून, पाण्यातून, सापापासून वाचवणारा."

ती थोडा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "साप हाय का त्याच्यात? काल फडात निघाला व्हता, तुझ्या अण्णाच्या पायाजवळच. उद्या जाशील का परत? माझा बी नमस्कार सांग."

पाडव्याच्या सकाळी रूममेटला न उठवता, वॉचमन मामांना सांगून मी एकटीच निघाले. ऊन अजून वऱ्हांड्यात यायचं होतं. टॉर्च लावून सापाचा प्रसंग शोधला, त्याच्यापुढं उभी राहिले आणि आधी आईचा, मग अण्णांचा, असे दोन नमस्कार केले.