डावी नळी: रीमर तूर्त थांबवला

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की बर्मिंगहॅमच्या बॉक्सलॉकची, म्हणजे माझ्या जुन्या १२ बोअरच्या दोननळी छऱ्याच्या बंदुकीची, डावी नळी या महिन्यात गनस्मिथकडे जाणार आणि रीमरने आतून कापून हाफची क्वार्टर होऊन येणार. (चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी ठेवलेलं आकुंचन. सिलिंडर म्हणजे आकुंचन नाहीच, मग क्वार्टर, हाफ आणि सर्वात आवळ फुल. आकुंचन जास्त तितका छऱ्यांचा फैलाव कमी.) नळी गेली नाही. कारण ती हाफ नाहीच.

कोडं तुम्हाला आठवत असेल. विकणाऱ्याने चिठ्ठी लावून दिली होती: उजवी सिलिंडर, डावी हाफ. नळीच्या तोंडात सोडून माप घेणाऱ्या माझ्या पितळी ड्रॉप-इन गेजनेही तेच सांगितलं. पण प्लेटवर, म्हणजे कागद लावून छऱ्यांचा फैलाव मोजायच्या निशाणावर, उजवी नळी सिलिंडरसारखी वागतच नव्हती. ४० यार्डांवर ३० इंची वर्तुळात सिलिंडरने साधारण ४० टक्के छर्रे टाकावेत, ही ६२ टाकत होती. आणि डावी चक्क ७८! दोन महिने मी काडतुसं बदलत राहिलो, प्रत्येक कागदावर मार्करने भोकं मोजत राहिलो, आकडे काही हलेनात.

शनिवारी आमच्या क्लबातल्या एका बुजुर्ग काकांनी त्यांचा डायलवाला बोअर गेज हातात दिला. ब्रीचपासून, म्हणजे नळीच्या मागच्या टोकापासून, ९ इंच आत सरकवला आणि काटा जिथे थांबला तिथे माझा विश्वास बसेना. १२ बोअरला ७२९ थाऊ, म्हणजे इंचाचे हजारावे भाग, हवा होता. उजवीत ७४३, डावीत ७४२. तीनदा काढून, पुसून, शून्य लावून परत घातला. तेच.

घरी येऊन नळ्या उलट्या केल्या आणि ब्रीचखालच्या सपाट भागावरच्या (फ्लॅट्स) शिक्क्यांवर खडूची पूड चोळली. बीपी, बीव्ही, एनपी, तिन्हींवर मुकुट, म्हणजे १९०४ ते १९५४ मधलं बर्मिंगहॅम प्रूफ (नळीच्या ताकदीची अधिकृत चाचणी), इतकं आधी वाचलं होतंच. पण ज्याला मी नुसतं १२ समजत होतो, त्याच्याखाली गंजाच्या डागात एक बारीक रेघ आणि तिच्याखाली १ उमटला. बारा बटा एक! म्हणजे प्रूफच्या दिवशीच बोअर किमान ७४० होतं. नळी कुणी होन करून, म्हणजे आतून घासून, खाल्लेली नाही, ती जन्मापासून सैल आहे. हा आनंद वेगळाच होता, कारण ७४३ पाहिल्यावर पहिली भीती ‘प्रूफबाहेर गेली’ हीच होती.

आता हिशोब मांडा. डाव्या मझलला, म्हणजे नळीच्या तोंडाला, ७०५. ड्रॉप-इन गेज गृहीत धरतो की मागे ७२९ आहे, म्हणून तो २४ थाऊ दाखवतो, हाफच्या जरा पुढे. प्रत्यक्षात ७४२ वजा ७०५, म्हणजे ३७. जवळजवळ फुल. उजवीला मझल ७२८, गेज म्हणतो सिलिंडर, खरं आकुंचन १५ थाऊ. प्लेट पहिल्या दिवसापासून खरं बोलत होती. पिंपरीच्या टूलरूममध्ये अकरा वर्षं काढलेला मी एका मापावर फरक ठरवत होतो, याचं अजून वाईट वाटतं. जुन्या बंदुकीसाठी ड्रॉप-इन गेज घेऊ नका, हे माझं ठाम मत. चोक म्हणजे दोन मापांतला फरक. एकच माप देणारं हत्यार त्यात काही सांगू शकत नाही.

बरं, मग ३७ आहे तर उघडायलाच हवी, असं तुम्ही म्हणाल. मीही रविवारी सकाळपर्यंत तेच म्हणत होतो. २० यार्डांवर फुल चोकचा फैलाव जेमतेम १६ इंच, आणि आमच्या मैदानावर निम्म्या क्ले (हवेत उडवलेल्या निशाणाच्या चकत्या) तेवढ्या अंतरावरच फुटतात. पण दुपारी आतापर्यंतची प्लास्टिक कपाची काडतुसं बाजूला ठेवून फायबर वॅडची (वॅड म्हणजे दारू आणि छर्रे यांच्यामधली गादी) ६५ मिलिमीटरची काडतुसं झाडली. २८ ग्रॅम, ६ नंबर. तीन कापून छर्रे मोजले, प्रत्येकी २७० च्या आसपास. पाच-पाच कागदांची सरासरी: डावी १८६, उजवी १४८. म्हणजे डावी ६९ टक्के आणि उजवी ५५, अगदी पुस्तकातल्या क्वार्टरसारखी! उजवीचे पाचही कागद मी भिंतीवर लावलेत. मधे भोक नाही, कडेला पुंजका नाही, पीठ चाळल्यासारखा सारखा फैलाव.

ज्या कारागिराने ही नळी बसवली, त्याच्यापुढे नमद्याचं वॅड आणि वर पुठ्ठ्याची चकती असलेलं काडतूस होतं. छऱ्यांना कवेत धरणारा प्लास्टिक कप त्याने पाहिलेलाच नाही. १८७० च्या दशकात ग्रीनरने चोक लोकप्रिय केला, तेव्हापासून हे लोक प्लेटवर झाडून, थोडं घासून, परत झाडून नळी जुळवत. आपण काडतूस बदललं आणि दोष नळीला दिला.

काढलेलं पोलाद परत येत नाही. रिसेस चोक करता येतो, पण त्यासाठी मझलच्या मागे भिंत आतून कोरावी लागते, आणि माझ्या डाव्या नळीत तिथे भिंतीची जाडी २४ थाऊच आहे. तिथे मी कुणालाही हात लावू देणार नाही.

स्टीलच्या छऱ्यांसाठी चोक उघडा, असा सल्ला दोघांनी दिला होता. २०२५ मध्ये इथल्या, म्हणजे ब्रिटनच्या, सरकारने शिशाचे छर्रे बंद करायचं जाहीर केल्यापासून हीच चर्चा आहे. पण शंभरीच्या घरातल्या पातळ नळीत मी स्टील घालणारच नाही, मग त्यासाठी चोक का उघडायचा? बिस्मथ (शिशाऐवजी छऱ्यांना वापरायचा धातू) स्टीलपेक्षा मऊ आहे, घनताही शिशाच्या बरीच जवळ, अडीच इंची चेंबरसाठी मिळतं. महाग आहे, फार महाग. मी कमी झाडेन.

हे लिहिता लिहिताच आणखी एक सुचलं. दोन ट्रिगर आहेत, ते वापरायचे! समोरून येणाऱ्या क्लेला आधी मागचा ट्रिगर, म्हणजे ती लांब असताना डावी, मग जवळ आल्यावर उजवी. दूर जाणाऱ्याला उलट. ही बंदूक त्यासाठीच बांधली आहे आणि मी सवयीने दर वेळी पुढच्याच ट्रिगरपासून सुरू करत होतो. त्यामुळे कार्डाच्या फुलीवाली, छर्रे जास्त पसरवणारी स्प्रेडर काडतुसं मागवायचा विचारही आता मागे पडला. आधी महिनाभर बोटांना हे वळण लावतो.

गनस्मिथना फोन करून वेळ रद्द केली. ते म्हणाले, “बरं झालं, मीही आधी आतून मोजूनच हात लावला असता.” बिस्मथचा एक डबा शुक्रवारी येतोय आणि प्लेट रविवारी दहा ते बारा माझ्या नावावर आहे. बारा बटा एक शिक्क्याची जोडनळी आणखी कुणाकडे असेल, तर ९ इंचांवरचं आणि मझलचं, दोन्ही मापं कळवा. वॅड कोणतं तेही.